न्याहारीतला चोथा

पोट साफ होत नाही ही तक्रार घराघरांत आहे, पण चारचौघांत ती कुणी काढत नाही. बायका तर नाहीच नाही. म्हणून आज तिच्याबद्दल मोकळेपणानं बोलू या.

रात्री आपलं मोठं आतडं बरंचसं निवांत असतं. सकाळी जाग येते तशी त्याची हालचाल वाढते आणि पोटात काही पडलं की ती जोर धरते. जठर ताणल्याचा निरोप आतड्याला पोचतो आणि आत साठलेलं पुढे सरकू लागतं. हे साठलेलं असतं मुख्यतः काल-परवाचं अन्न. त्यामुळे आज चोथ्याचं खाल्लं आणि आजच गुण आला, असं होत नाही. रोजचा रिवाज लागतो.

धान्याचा कोंडा आतड्यात पचत नाही. तो मळाचा आकार वाढवतो. ओट्समधला किंवा डाळींमधला काही चोथा पाणी धरून ठेवतो, म्हणून मळ मऊ राहतो. डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदानं युगांडात अनेक वर्षं काम केलं. 1972 साली त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं, की भरड अन्न खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांचं अन्न ब्रिटिशांपेक्षा खूप लवकर पुढे सरकतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम चोथा सांगते. 100 ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा नाचणीत तो 10-11 ग्रॅम असतो, मैद्यात तीनच्या आत. साबुदाण्यात जवळजवळ नाहीच. उपवासानंतर पोट का अडतं, याचं एक कारण इथं सापडतं. न्याहारीला पोहे करायचेच तर वर मोड आलेल्या मटकीची उसळ घाला. पण माझ्या मते भाजणीच्या थालीपिठाला तोड नाही: धान्यं, डाळी, धने, बरंचसं सालासकट.

मात्र चोथा हळूहळू वाढवा. एकदम वाढवला तर आतड्यातले जीवाणू तो आंबवतात आणि पोट फुगतं. पाणीही भरपूर प्या. इसबगोल तर पेलाभर पाण्याशिवाय घेऊच नका.

आणि मैत्रिणींनो, सगळ्यांचे डबे भरून होईपर्यंत शौचाची जाणीव दाबून ठेवू नका. मळ आत थांबला की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, तो कोरडा पडतो आणि मग कुंथावं लागतं. न्याहारीनंतरची दहा मिनिटं घरानं तुम्हाला द्यायलाच हवीत.

शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा सवय अचानक बदलली असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टरांकडे जा.