काटा खालीच राहतो तेव्हा

आमच्या गटाचा भाजीचा टेम्पो डिझेल जास्त खायला लागला. तापमानाचा काटा मात्र कायम खाली. आम्ही खूश, गाडी तापत नाही म्हणून! पण इंजिन फार थंड राहिलं तर डिझेल नीट जळत नाही, ऑइल लवकर खराब होतं, आतले भाग झिजतात.

इंजिन गार असताना त्याचं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देण्याचं काम थर्मोस्टॅट नावाचा छोटा व्हॉल्व्ह करतो. साधारण ८०-८५ अंशांना तो उघडतो. उघडाच अडकला, की इंजिनाला ऊब धरत नाही. सकाळी गार गाडी चालू करा आणि पंख्यापासून हात, पदर लांब ठेवून रेडिएटरचा वरचा पाइप चाचपा. तो बराच वेळ गार राहून मग एकदम तापायला हवा. पहिल्यापासूनच कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या.

आमच्या गाडीत तर तो नव्हताच! "आपल्याकडच्या उन्हात कशाला लागतो," म्हणून आधीच्या मेकॅनिकने काढून टाकलेला. नवा आणल्यावर आम्ही तो आधी पातेल्यातल्या पाण्यात तापवून पाहिला. उकळी फुटायच्या आधीच उघडला, मग बसवला. सोबत नवं गॅस्केट, कूलंट. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कुणी उघडू नका, वाफेने तोंड भाजतं. आता काटा मध्यावर येतो, आणि वहीतला डिझेलचा आकडाही खाली आलाय.