भोंगा थांबल्यानंतर



दिल्लीत 'बाडा हिंदुराव' हे वस्तीचे नाव रोज असंख्यांच्या तोंडी असते; ते एका मराठी सरदाराचे आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. कागलकर घाटग्यांचे हिंदुराव म्हणजे बायजाबाई शिंदे यांचे बंधू. याच वस्तीत दिल्ली क्लॉथ मिलचे साचे चालत. १८८९ साली स्थापन झालेल्या कंपनीची ही गिरणी बरोबर शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये बंद पडली. आज तेथे व्यापारी संकुले आहेत. गिरणीच्या धन्यांची स्मृती 'शंकर-शाद' मुशायऱ्याने राखली. साचेखात्यात आयुष्य वेचलेल्यांची स्मृती राखणारी भिंत कोणती?

मुंबईपुढेही हाच प्रश्न आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि गिरणगावाची घडी कायमची विस्कटली. लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी उभी आहे, पण तिच्या पायथ्याशी मॉल आहे. चिमणी वाचली, एवढ्यावर समाधान मानणे कठीण. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ च्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे काम मुंबई महापालिकेने हाती घेतले. ते वर्षानुवर्षे रेंगाळले, तरी दिशा योग्य आहे.

गिरणीची वास्तू मुळातच सार्वजनिक उपयोगाला साजेशी असते. करवतीच्या दातांसारख्या छपराच्या काचा उत्तरेकडे ठेवलेल्या असतात. त्यामुळे थेट ऊन न येता दिवसभर सारखा, शांत उजेड मिळतो. जो उजेड विणकराला तुटलेला धागा दाखवी, तोच वाचनालयाला आणि चित्रदालनालाही हवा असतो. दुरुस्ती मात्र जपून करावी लागते. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला, की ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. हौसेने केलेली डागडुजी कित्येकदा पडझडीहून महाग पडते!

अमेरिकेतील लॉवेल येथे बूट कॉटन मिल्स या जुन्या गिरणीत संग्रहालय आहे. तेथे माग खरोखर चालवून दाखवतात आणि प्रेक्षकांना कानात घालायला बोळे देतात. त्या गदारोळाने कामगाराचा दिवस जसा कळतो, तसा फलकांवरील मजकुराने कळत नाही.

गिरणगावात भजनी मंडळे होती, खानावळी होत्या. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांचे लालबावटा कलापथक होते. नव्या दालनांत यांना जागा हवी, आणि तीही तिकिटाविना. १९८२ साली विशीत असलेले कामगार आज साठी ओलांडून गेले आहेत. छपरे शाकारून होईपर्यंत त्यांच्या आठवणी थांबणार नाहीत. त्या लिहून घेण्याचे काम गवंड्यांच्या आधी सुरू व्हायला हवे.