फोटोखालची ओळ



तळा गावाच्या डोक्यावर तळगड आहे, आणि शेजारच्या रोहा तालुक्यात घोसाळगड. १६६५च्या पुरंदरच्या तहात महाराजांकडे जे बारा किल्ले राहिले, त्यांत ही जोडी होती. पावसाळ्यात दोन्ही सारखेच हिरवेगार. धुक्यातला एक बुरूज एवढंच फोटोत आलं, तर गड कोणता ते तळ्याचा माणूस ओळखेल. इतरांची भिस्त खालच्या ओळीवर.

ही भिस्त किती महागात पडते? एके काळी पुस्तकांतून शिवाजी महाराज म्हणून जे चित्र छापलं जाई, ते इब्राहीमखान नावाच्या भलत्याच माणसाचं होतं! चित्रात खोट नव्हती, नाव तेवढं दुसऱ्याचं. एकाने छापलं, दुसऱ्याने उचललं. मूळ चित्र कुठलं, हे विचारायला कोणी थांबलं नाही. चूक धसास लावली ती तळ्याच्याच जिल्ह्यातल्या पेणला १८९४ मध्ये जन्मलेले इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी. डच साधनांचा माग काढत ते महाराजांच्या चित्रापर्यंत पोचले आणि १९३३ मध्ये त्यांनी ते पुण्यात प्रसिद्ध केलं. नुसतं ‘हे चूक’ म्हणून ते थांबले असते, तर जुनंच चित्र भिंतींवर राहिलं असतं.

आज बेंद्र्यांइतके कष्ट नकोत, चार ओळींचा खुलासा पुरे. चूक लक्षात आली की वर्तमानपत्राने आपणहून, ठळकपणे आणि लगेच दुरुस्ती छापावी, असं प्रेस कौन्सिलचे संकेत सांगतात. प्रत्यक्षात फोटो पहिल्या पानावर आणि दिलगिरी, छापलीच तर, आतल्या पानाच्या कोपऱ्यात.

छायाचित्रकाराचं नाव तर त्याहून स्वस्त. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ म्हणतं, हक्क विकले तरी ‘ही कृती माझी’ असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. छापताना मात्र ‘संग्रहित’ म्हटलं की भागतं. कोणी संग्रहित केलं, तेही नाही.

तळ्याजवळच कुडे लेणी आहेत, एकूण सव्वीस. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान कोणाचं ते कोरलेलं आहे. त्यात राजघराण्याशी नातं सांगणारे आहेत, तसा एक माळी आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. त्या व्यापाऱ्याचं नाव आजही वाचता येतं. त्याच लेण्यांचा फोटो पुढच्या पर्यटन पुरवणीत येईल, तेव्हा खाली बहुधा लिहिलेलं असेल, ‘छाया : इंटरनेट’.