दुसरीच्या वर्गातील सहा दिवस
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात गुणगौरव समारंभाच्या वेळी दिलेले भाषण)



दहावी-बारावीच्या परीक्षांत चमकलेल्या आपल्या मुलामुलींचा सत्कार आताच झाला. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करून आम्ही आपणांस थोडा वेळ प्राथमिक शाळेच्या दुसरीच्या वर्गात नेऊ इच्छितो. प्राथमिक शिक्षकाचा आठवडा कसा जातो, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस 'पोरे सांभाळणारे' समजण्याची रीत जुनीच आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु त्या सहा दिवसांत जे घडते किंवा घडायचे राहते, त्यावरून आठ वर्षांनी या व्यासपीठावर कोण येणार हे पुष्कळसे ठरते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर हे सुमारे तेहतीस आठवडे होतात. आम्ही सेवेची अखेरची वर्षे ज्या शाळेत काढली ती जिल्हा परिषदेची, दोनशिक्षकी, चौथीपर्यंतची. पहिली व दुसरी मिळून तेवीस मुले आमच्याकडे एकाच खोलीत बसत. एका इयत्तेस शिकवावे, तेव्हा उरलेल्या इयत्तेच्या हाती काही उद्योग द्यावा लागे.

सोमवारी प्रार्थना, प्रतिज्ञा व दिनविशेष आटोपले की आम्ही पाठ्यपुस्तक उघडीत नसू. रविवारी घरी काय घडले, ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगावयाचे, असा परिपाठ ठेवला होता. एका मुलीने सांगितले, "आमची शेळी व्याली." हे वाक्य फळ्यावर गेले. शेळी, करडू, दूध, पाला असे शब्द मुलांनीच पुरविले आणि दुसरीचा वाचनपाठ तयार झाला. पहिलीची मुले त्यातील ओळखीची अक्षरे शोधीत. ज्या मुलांची 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत नित्य गल्लत होते, त्यांनाही स्वतःच्या शेळीचे वाक्य वाचावयाची मोठी उत्सुकता असते. आपल्या तोंडचे बोलणे फळ्यावर उतरते आणि फळ्यावरून पुन्हा तोंडी येते, हे एकदा मुलाच्या ध्यानी आले की वाचनाचा अर्धा गड सर झाला, असे आम्ही समजतो.

मंगळवार गणिताचा. साहित्य म्हणजे चिंचोके आणि खराट्याच्या काड्या. दहा काड्यांची एक जुडी. येथे एक अडचण विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण सुशिक्षित आईबापांनाही तिची कल्पना नसते. आपल्या मराठीत 'बासष्ट' म्हणताना आधी दोन ऐकू येतात आणि मागून साठ. लिहिताना मात्र आधी सहा आणि मग दोन. 'एकोणतीस' या शब्दात तीस ऐकू येतात, पण अंकांत तीनाचा मागमूस नाही. सात वर्षांच्या मुलाने त्रेसष्टाऐवजी छत्तीस लिहिले तर ते मठ्ठ आहे असे नव्हे; कानाने ऐकले त्या क्रमाने ते लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली! गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तिची बाजू समजावून सांगितली. परंतु विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या वर्गात बसून पाहिले असेल, याची आम्हांस शंका आहे. आमचे मत असे की, जुने शब्द टाकू नयेत, पण सहा जुड्या व दोन काड्या मुलाच्या हाती दिल्यावाचून ते शब्द त्याच्या माथी मारू नयेत.

बुधवारी परिसर अभ्यास. मुले शाळेभोवतीची पाने वेचून आणीत, कडांवरून त्यांचे गट करीत, मातीची चित्रे करीत. त्याविषयी अधिक सांगत नाही.

गुरुवार गावच्या बाजाराचा. त्या दिवशी तेविसांतील दहा-अकराच मुले येत. उरलेली कोणी भाजीच्या पाटीपाशी, कोणी धाकट्या भावंडास सांभाळीत घरी. तेहतीस आठवड्यांचे तेहतीस गुरुवार गेले, म्हणजे २०० दिवसांतील सहावा हिस्सा गेला. पहिली ते चौथी याच हिशेबाने चालली तर मूल वर्षाच्या दोन तृतीयांश शाळेस मुकते. आणि हे घरी कोणास कळत नाही, कारण मूल वरच्या वर्गात जातच राहते. आठवीपर्यंत नापास न करण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. परंतु पाचवीत कळून काय उपयोग? अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालविली; मुले गुरे राखतात तर शाळाच कुरणात न्यावी, असा त्यांचा विचार. आम्हांस शाळा बाजारात नेणे साधले नाही, म्हणून शुक्रवारी बाजारच वर्गात आणला.

पाने झाली मेथी, चिंचोके झाली नाणी, विटांचे तुकडे मापे. काल गैरहजर असलेली मुलेच आज दुकानदार, कारण भाव त्यांनाच ठाऊक. भाजीवाल्याचा एक मुलगा एरवी गणितात मागे पडणारा. त्याला विचारले, "साठ रुपये किलोची भेंडी, पाऊण किलोचे किती?" त्याने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "पंचेचाळीस." फळ्यावर लिही म्हटले, तर लिहिले ५४. वर्ग हसला. आम्ही काही न बोलता जुड्यांची टोपली पुढे केली. त्याने चार जुड्या आणि पाच सुट्या काड्या मांडल्या, त्यांकडे पाहिले, फळ्यावरचे हाताने पुसले आणि ४५ लिहिले. व्यवहार त्याला आमच्यापेक्षा चांगला येत होता. अडले होते ते केवळ लिहिण्यात. असा मुलगा पुढे 'गणितात कच्चा' म्हणून शाळा सोडतो, आणि त्याचे नाव या मेळाव्याच्या यादीत कधीच येत नाही.

शनिवारी सकाळची शाळा: कवायत, चित्रे आणि गोष्ट. आता २०२४ पासून शासनाने 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम सुरू केला आहे, त्याचे आम्ही स्वागत करतो. आमच्या वेळी शनिवारी मुले आठवड्याची फळ्यावरची वाक्ये वहीतून वाचून दाखवीत. शेळीची वही दारातून आत येणाऱ्या प्रत्येकास वाचून दाखविली गेली. खिचडी शिजविणाऱ्या बाईंस तर दोनदा. कारण वाचण्यासारखे दुसरे पुस्तक त्या खोलीत फारसे नव्हते.

येथे आम्ही मंडळाच्या निधीकडे वळतो. आपली पारितोषिके दहावीपासून सुरू होतात. त्यातील काही भाग प्राथमिक शाळांतील गोष्टींच्या पुस्तकांसाठी ठेवावा, ही सूचना आम्ही मांडली, तेव्हा काही ज्येष्ठ सभासदांनी शंका काढली की, ज्ञातीचा पैसा परज्ञातीच्या मुलांकडे जाईल. जाईल, हे खरे. आमच्या तेविसांत आपल्या ज्ञातीची मुले तीन. पण शेळी एकीच्या घरची, वाचली तेविसांनी. बाजाराचे भाव एकास ठाऊक, हिशेब सर्वांनी केला. तिघांना निराळे बसवून वाचावयास शिकविण्याची युक्ती आम्हांस अवगत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या वसतिगृहांस आश्रय दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, ते ज्ञात न विचारता.

केंद्र शासनाने २०२१ मध्ये निपुण भारत अभियानात तिसरीअखेर प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले. ते गाठावयास शिक्षक हवेतच, पण वर्गात मुलांच्या हाताला येतील अशी पुस्तकेही हवीत. म्हणून आमची विनंती एवढीच की, ज्या गावी आपले पाच उंबरे आहेत, तेथील शाळेस मोठ्या अक्षरांची गोष्टींची पंचवीस पुस्तके द्यावीत, आणि ती कपाटात कुलूपबंद न ठेवता दोरीवर टांगून ठेवावीत, अशी अट घालावी. फाटली तर पुढच्या वर्षी पुन्हा द्यावीत. आम्हांस ठाऊक असलेल्या अशा गावांची यादी आम्ही कार्यवाहांकडे दिली आहे. आपापल्या गावचे नाव तीत नसल्यास कृपया भोजनोत्तर त्यांच्याकडे लिहून द्यावे.