जुनी गाडी, पावसाळा आणि परवडणारी एलएसडी
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आठवणी भरपूर झाल्या. मला संयोजकांनी पंधरा मिनिटं दिली आणि बजावलं, "तुझ्या धंद्यातलं सांग, पण कळेल असं सांग." माझी तीस वर्षं भोसरीत गिअर आणि ॲक्सलच्या कामात गेली, म्हणून विषय तोच घेतलाय. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीला परवडणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल कसं निवडावं? आमच्याकडे त्याला एलएसडी म्हणतात. मागच्या बाकांवरून हसू आलं, ते पोचलं. ती एलएसडी वेगळी.

हा विषय घ्यायला कारण आहे. आपल्या तुकडीत आजही एक पद्मिनी, एक ॲम्बॅसिडर, दोन जुन्या जीपा आणि एक ओम्नी चालू स्थितीत आहेत. या सगळ्या मागची चाकं ओढणाऱ्या. गेल्या जुलैत मुळशीकडे आपल्या मित्राच्या शेतावर जाताना शेवटच्या चढावर पद्मिनीचं एक चाक चिखलात नुसतं गरगरायला लागलं. गाडी पुढे जाईना आणि मग आडवी सरकत बांधापर्यंत आली. आत आपलीच चार माणसं होती. कोणाला लागलं नाही, हे नशीब. त्यानंतर ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. त्यातला एक सल्ला असा: एक गॅरेजवाला दोन-तीन हजारांत डिफरन्शिअलला आतून वेल्डिंग मारून देतो, दोन्ही चाकं एकदम फिरतात, काम झालं. पद्मिनीच्या मालकाचा मुलगा त्याला तयारही झालाय. यंदाचा पावसाळा यायच्या आत हा निर्णय नीट व्हावा, एवढ्यासाठी मी उभा आहे.

डिफरन्शिअल का लागतं, हे आपण सगळे पंधरा ऑगस्टच्या संचलनात शिकलोय. चौघांची रांग वळायची तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटायचा आणि बाहेरचा लांब ढांगा टाकायचा. गाडीच्या चाकांचंही तेच. पद्मिनीसारख्या गाडीत दोन मागच्या चाकांतलं अंतर सव्वा मीटर धरा. एक काटकोनी वळण घेतलं, की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ दोन मीटर जास्त चालतं. वळण लहान घ्या की मोठं, फरक तेवढाच. हा फरक सांभाळायला दोन ॲक्सलच्या मध्ये छोटे स्टार पिनियन बसवलेले असतात.

पण या सोयीची एक किंमत आहे. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं. चिखलातलं चाक जेवढा पीळ पेलेल, तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकाला मिळतो. एक चाक निसटलं, की दुसरं चांगल्या जमिनीवर असूनही हतबल. आपल्या बाई पहिल्या रांगेत बसल्यात. बाई, हे चुकीचं असेल तर आत्ताच थांबवा.

आता पर्याय पाहू, सगळ्यात स्वस्तापासून.

पहिला वेल्डिंगचा. स्टार पिनियन वितळवून जखडून टाकायचे. मग ते दोन मीटर कुठे जातात? टायर रस्त्यावर घासून ते भरून काढतो. कोरड्या रस्त्यावर टायर आणि ॲक्सल खातो. ओल्या घाटात गाडी आधी वळायला नकार देते आणि मग मागचा भाग एकदम सुटतो. ताम्हिणीत पावसाळ्यात हे होणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. शिवाय वेल्डिंग तुटलं तर तुकडे क्राऊन-पिनियनमध्ये जातात, आणि जुन्या गाडीचा चांगला जोड मिळवणं आज किती कठीण आहे ते नाना पेठेत विचारून या. दोन-तीन हजारांचं हे काम सगळ्यात महाग आहे.

दुसरा प्रकार क्लच प्लेटचा. आत चकत्यांची चळत असते, ती दोन चाकांतला फरक थोडा रोखते, पूर्ण थांबवत नाही. रस्त्यावरच्या गाडीला हा स्वभाव मानवतो. चकत्या झिजतात, पण त्या बदलता येतात. याला ऑइल मात्र खास लागतं. साधं घातलंत तर वळणावर गाडी कुरकुरते.

तिसरा फक्त गिअरांचा, ज्याला हेलिकल किंवा टॉर्सन म्हणतात. झीज फार कमी, चालवायला सगळ्यात सफाईदार. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं तर हा जवळपास साध्यासारखाच वागतो, कारण तो कमी पकडीच्या चाकाच्या पिळाला काही पट करून दुसऱ्याला देतो. शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. महागही हाच.

चौथा मेकॅनिकल लॉकर. महिंद्राने 2015 च्या थारला आणि 2021 च्या बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलला मागे दिला तो. मंद वेगात दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला, की तो दोन्ही ॲक्सल जखडतो. एरवी साध्यासारखा वागतो. शेतरस्त्यासाठी उत्तम, डांबरी वळणावर याचा काही उपयोग नाही.

पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडरसाठी यातलं काही दुकानात तयार ठेवलेलं नसतं. जुना भाग शोधावा लागतो, बाहेरून मागवावा लागतो किंवा दुसऱ्या गाडीचा जुळवावा लागतो. म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी वहीत लिहून घ्या: ॲक्सलच्या टोकावरचे दाते किती, क्राऊनचे बोल्ट किती आणि कोणत्या अंतरावर, दोन्ही बाजूंच्या बेअरिंगचं माप काय, आणि गिअर रेशो काय. "याच गाडीचा आहे" या शब्दावर जाऊ नका. जुना प्लेटवाला घेताना टॉर्क रेंचने तपासा: गाडी न्यूट्रलमध्ये, एक चाक जमिनीवर, दुसरं वर. वरचं चाक फिरवायला किती जोर लागतो? हाताने सहज फिरलं तर चकत्या संपल्या. बसवताना बेअरिंग नवी घ्या, शिम लावून दात्यांची फट मोजा, आणि निळा रंग लावून दात कुठे टेकतात ते स्वतः पाहा. भागाच्या किमतीत बेअरिंग, ऑइल आणि मजुरी धरली नाहीत, तर हिशेब अर्धाच झाला.

एक धोक्याची सूचना. एलएसडी बसवल्यावर एक चाक जॅकवर घेऊन इंजिन चालू ठेवून गिअर टाकायचा नाही. जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून खेचून घेतं. आणि कायदा: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे लावलं. म्हणून आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा, मग पाना हातात घ्या.

आता माझं मत, गाडीवार. जीपा शेतावर राबतात. ॲक्सल जुळला तर त्यांना लॉकरवर केलेला खर्च वाया जाणार नाही. ॲम्बॅसिडर लांब पल्ल्याला जाते. तिला जुळणारा प्लेटवाला मिळाला तरच घ्या, घाई नको. ओम्नीचं वजन पुढे आहे. चिखलात जाताना मागच्या बाजूला दोन पोती नीट बांधून ठेवा, बराच फरक पडेल.

आणि पद्मिनी. मी परवा तिच्याखाली जाऊन आलो. मागचे टायर गोटा झालेत. त्यांच्यावरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ते टायर दहा वर्षांचे आहेत. एक शॉकअप गळतोय. या गाडीला आज एलएसडी लागतच नाही. दोन टायर, दोन शॉकअप, पाट्यांचे बुश आणि चढावर दुसऱ्या गिअरमध्ये हलका पाय, एवढ्याने तो चढ चढता येईल. नाही चढली, तर माणसं उतरवून जीपने ओढू. ज्या गाडीने आपल्यातल्या कित्येकांना शाळेच्या फाटकात सोडलंय, तिच्या पोटात वेल्डिंग मारू नका.

परवडणारं म्हणजे माझ्या लेखी एवढंच: जे पुण्यात पुन्हा उघडता येतं, दुरुस्त करता येतं आणि नको झालं तर काढून मूळ भाग बसवता येतो. म्हणून मूळ डिफरन्शिअल कधी भंगारात देऊ नका. ऑइल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

मुळशीला निघायच्या आदल्या रविवारी मी घरीच आहे. ज्यांना गाडी दाखवायची त्यांनी सकाळी आणा. जॅक माझा, चहा तुमचा. सर, बाई, तुम्ही एवढा वेळ शांत बसून ऐकलंत, हा उलटा प्रकार आयुष्यात एकदाच घडतो.