गादी घेण्याआधी खोली मोजा

रामनवमीला पोहरादेवीत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला बंजारा भाविकांची रीघ लागते. त्या निमित्तानं आप्तेष्ट घरी मुक्कामाला येतात आणि मोठी गादी घ्यायचं मनात येतं. किंग साइज गादी साधारण 6 फूट रुंद, साडेसहा फूट लांब; क्वीन 5 फूट रुंद. दहा बाय दहाच्या खोलीत किंग मधोमध टाकली, तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूटच उरतात. मग कपाटाचं दार उघडणार कसं? तिथे क्वीनच बरी. आधी फरशीवर खडूनं चौकट आखा, भोवती फिरून पाहा. जुना पलंग असेल तर त्याचं आतलं माप घ्या. लांबी बरेचदा सव्वासहा फूटच भरते. पाहुण्यांसाठी मात्र कापसाच्या सुट्या गाद्याच उत्तम. सकाळी गुंडाळल्या की खोली मोकळी!