टाळूवरची जखम



टाळू म्हटले की आपला हात डोक्याकडे जातो. आज बोलायचे आहे ते तोंडातल्या टाळूबद्दल. आम्ही डॉक्टर नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. तरी हा विषय घेतला, कारण त्यात आमच्या हातून एक चूक झालेली आहे.

मोर्चात घोषणा देणारा आमचा एक यंत्रमाग कामगार. एका संध्याकाळी कचेरीत येऊन त्याने आ केला. टाळूवर एका बाजूला हरभऱ्याएवढी जखम होती. “दुखते का रे?” “अजिबात नाही, साहेब.” झाले, आम्ही वैद्य बनलो! “उष्णता आहे, गुलकंद खा,” म्हणून मोकळे झालो. दवाखान्यात जायचे तर पाळी बुडते आणि पाळीबरोबर मजुरी. त्यालाही आमचा सल्ला सोयीचाच वाटला. चार महिने गेले. मग दातांच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग निघाला. टाळूचा भाग काढावा लागला. तेथे आता कवळीसारखी पट्टी असते. ती काढली की बोलणे नाकातून येते आणि प्यायलेले पाणीही. घोषणा आता दुसरा देतो.

त्यानंतर आम्ही वाचत आणि डॉक्टरांना विचारत सुटलो. टाळूवरची प्रत्येक जखम कर्करोगाची नसते, हे आधी सांगतो. नाहीतर निम्मी सभा आज रात्री आरसा घेऊन बसेल. कढत चहाने पोळते, कवळी घासते; कारण गेले की जखम भरते. मधोमध हाडाचा टणक उंचवटा कित्येकांना असतो, तो निरुपद्रवी. नेहमीचे तोंड येणे गालाच्या आत, ओठाआड, जिभेखाली; टाळूच्या कठीण भागावर ते क्वचितच. म्हणजे आमचे ‘उष्णता’ हे निदान मुळातच लंगडे होते. आणखी एक चमत्कारिक व्रण आहे. टाळूतल्या बारीक लाळग्रंथींचे रक्त तुटले की तो पडतो, दिसतो हुबेहूब कर्करोगासारखा, आणि काही आठवड्यांत आपोआप भरतो. नुसत्या नजरेने डॉक्टरही फसतात. म्हणून कारण दूर करून दोन आठवडे पाहायचे; नाही भरली तर तुकडा तपासायचा. मात्र २०२१ साली करोनानंतर मधुमेही माणसांच्या टाळूवर बुरशीने काळा चट्टा पडे, तसे दिसले तर एक दिवसही थांबायचे नाही.

सवयही विचारावी लागते. श्रीकाकुळम-विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर बायका चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढतात; गोव्यातही ही रीत आढळली आहे. एरवी आपल्याकडे तंबाखूचा कर्करोग बहुधा गालात आणि हिरडीशी, तेथे तो टाळूला. आमच्या माणसाला मात्र आम्ही एकच प्रश्न विचारला, दुखते का. आरंभीचा कर्करोग बहुधा दुखत नाही!

आता कचेरीत पावतीपुस्तकाशेजारी विजेरी असते. वर्गणी घेताना आम्ही तोंड उघडायला लावतो. जखम दिसली तर पावतीमागे दोन आठवड्यांनंतरची तारीख लिहितो, आणि त्या दिवशी ती तशीच असली तर बरोबर जाऊन डॉक्टरांना दाखवतो. बुडालेल्या पाळीची मजुरी युनियन देते. या खर्चाला कमिटीत दोघांनी विरोध केला होता. आम्ही घोषणा देणाऱ्या त्या गड्याला बैठकीत आणून पट्टी काढायला सांगितले.